लाईनीत येतंय

"तुमचं घर लाईनीत येतंय."

टेबलापलीकडच्या माणसानं नकाशावरची मान वर न करता हे सांगितलं आणि आबांचा चेहरा क्षणभर उजळला. मी शेजारीच बसले होते, म्हणून मला तो दिसला.

२०१९ चा महापूर ओसरून पाचसहा महिने झाले होते. कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या उतारावर आमचं जुनं घर आहे. त्याची मागची मातीची भिंत पुराच्या पाण्यात भिजून बसली होती. ती काढून पक्की बांधावी आणि वर एक खोली चढवावी, म्हणजे पुन्हा पाणी आलंच तर भांडीकुंडी तरी वर ठेवता येतील, एवढाच विचार होता. त्याची परवानगी विचारायला आम्ही त्या कार्यालयात गेलो होतो. आबांनी पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं. 'लाईनीत येतंय' हे शब्द त्यांनी जन्मभर एकाच अर्थानं ऐकले आणि उच्चारले: थर सरळ आहे, भिंत बरोबर चालली आहे, पुढची वीट लावा.

"म्हंजे चांगलंच हाय न्हवं?" आबांनी विचारलं.

त्या माणसानं नकाशावर बोट ठेवलं. "ब्लू लाईन. हिच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही."

आबा काही बोलले नाहीत. परतताना रिक्षात एकदा फक्त म्हणाले, "आपलं घर वाकडं असतं तर बरं झालं असतं की गं मग."

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना निळी आणि लाल रेषा सांगावी लागत नाही. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित. कागदावर 'पूररेषा' असा चांगला मराठी शब्द आहे, पण गल्लीत कुणी तो वापरत नाही. "आमी ब्लूमध्ये हाय, मावशींचं रेडमध्ये हाय," असंच बोलतात.

मी रुकडीजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. बावीस वर्षं झाली. 'लाईन' हा शब्द माझ्या रोजच्या कामाचा, पण त्या टेबलासमोर तो माझ्या घरात शिरला आणि मग मला सोडेना.

आधी आबांची लाईनदोरी सांगते, कारण माझ्यासाठी हा शब्द तिथून सुरू होतो. वीतभर लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन खिळे. लहानपणी ती सुती होती, भिजली की आवळायची. नंतर पिवळी नायलॉनची आली. भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या विटा आधी ओळंब्यात आणि गुण्यात, म्हणजे उभ्या सरळ आणि काटकोनात, बसवायच्या, सांध्यात खिळे खोचून त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि मग मधला थर त्या दोरीच्या अंगानं लावत जायचा. सुट्टीत मी कामावर जायची. "आबा, मी धरतो की एक टोक," म्हणायची. आमच्याकडं मुलीही 'मी धरतो', 'मी आलो' असंच बोलतात, शाळेत गेल्यावर ते सुटलं, घरी अजून येतं.

एकदा मी वीट दोरीला अगदी टेकवून लावली. मला वाटलं, यापेक्षा सरळ काय असणार? आबांनी ती काढली. "विटंनं दोरीला शिवायचं न्हाई. मधी केस जाईल एवढी जागा पायजे." का, ते त्यांनी दाखवूनच दिलं. टेकलेली वीट दोरीला कणभर बाहेर ढकलते. पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला बघून लागते, ती आणखी कणभर ढकलते. दहा विटा गेल्या की भिंतीला पोट सुटलेलं असतं, आणि गंमत अशी की तेव्हाही प्रत्येक वीट दोरीला लागूनच दिसते. भिंत लांब असली तर दोरीला मध्ये झोळ येतो. डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून मध्यावर एक वीट नुसती ठेवून दोरी तिच्यावरून उचलून घ्यायची. मग आबा एका टोकाला उकिडवे बसून, एक डोळा मिटून, सगळ्या दोरीवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "हां. आली लाईनीत."

आबा चौथीपर्यंत शिकलेले. हा शब्द इंग्रजी आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. त्यांच्या लेखी तो थापी आणि ओळंब्यासारखाच कामावरचा शब्द होता.

आणि खरं सांगायचं तर त्या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आबांच्याच हातात होता. इंग्रजीतला हा शब्द लॅटिनमधल्या 'लिनिया'वरून आला, आणि लिनिया म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. 'लिनम' म्हणजे जवस. शास्त्रीय नावात आजही तेच आहे. आपल्याकडं जवस पिकलं ते बियांसाठी आणि तेलासाठी. युरोपात त्याच झाडाच्या देठाचा वाक काढून धागा केला, त्याचं कापड म्हणजे लिनन. अंगरख्याच्या आत ते कापड लावायचे म्हणून आतल्या कापडाला लायनिंग म्हणू लागले. महाद्वार रोडवर ब्लाऊजपीस घेताना दुकानदार "लायनिंग देऊ का?" विचारतो, तेव्हा तोही जवसाचंच नाव घेत असतो. मला हे कळलं त्या दिवशी आई लोखंडी तव्यावर जवस भाजत होती. तडतडून उडणाऱ्या बिया ती ताटलीनं झाकत होती, बाजूला लसूण आणि सुक्या मिरच्या. आबांच्या कामावरच्या डब्यात भाकरी आणि ही चटणी कायम असायची. म्हणजे पिशवीत एका बाजूला जवस आणि दुसऱ्या बाजूला जवसाच्या नावाची दोरी, अशी ती दोघं पंचेचाळीस वर्षं सोबत कामाला गेली!

आपल्याकडंही हेच झालंय, फक्त आपल्या धाग्यानं. सूत्र म्हणजे धागा. जुन्या काळी बांधकामावर ज्याच्या हातात मोजणीची दोरी तो सूत्रधार, आणि नाटकात सगळं हातात धरणाराही सूत्रधारच. सुतार-गवंड्यांच्या तोंडी 'सूत' अजून जिवंत आहे. गेरूत भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणून मधून उचलायचा आणि सोडायचा, की लाकडावर किंवा भिंतीवर लाल सरळ रेघ उमटते. त्याला 'सूत मारणं' म्हणतात. आणि सूत हे मापही आहे, इंचाचा आठवा भाग. लोखंडाच्या दुकानात आजही "चार सुती द्या" म्हणून अर्ध्या इंचाची सळी मागतात. इंग्रजांच्या जुन्या मापातही एक 'लाईन' होती, इंचाचा बारावा भाग. दोन्हीकडच्या कारागिरांना अगदी बारीक माप सांगायचं झालं तेव्हा हाताला लागला तो धागाच. मला या गोष्टीचा फार आनंद होतो. परका शब्द आपल्या घरात इतक्या सहज का राहिला याचं एक कारण त्यात असावं असं मला वाटतं.

कोल्हापुरात हा शब्द दुसऱ्या एका दारातून रुळांवरून आला. मिरजेपासूनची रेल्वे कोल्हापूर संस्थाननं घातली, १८९१ साली ती सुरू झाली. मी रोज त्याच लाईननं जाते: गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी. कोल्हापूरला पोचलं की रूळ संपतात. पुढं कोकणात उतरायला वाट नाही, वैभववाडीपर्यंत लाईन व्हावी ही मागणी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशननं 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सुटत नाही, हा रेल्वेचा रोजचा नियम. तो शब्द स्टेशनाबाहेर पडला आणि सगळ्या जिल्ह्याचा झाला. लग्न ठरलं, मोठ्या भावाचं आधी झालं, म्हणजे धाकट्याची लाईन क्लिअर. तिकिटाचा वाद मिटला, उमेदवाराची लाईन क्लिअर. ज्यानं कधी सिग्नलची केबिन बघितली नाही तोही हा शब्द अचूक वापरतो.

डब्यात कान उघडे ठेवले की कळतं किती ठिकाणी हा शब्द गेला आहे. "पोरगं लाईनीला लागलं एकदाचं." "आमच्या लाईनीत उधारीशिवाय धंदा न्हाई." "सायन्स लाईन घेतलीया तिनं." "ती त्याची लाईन हाय." "लाईनीत या की ओ ताई, आमी काय खुळं हाय?" हा शेवटचा तर तिकीटखिडकीचा. इंग्लंडात रांगेला 'क्यू' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ शेपूट. अमेरिकेत लाईन म्हणतात. आपल्यावर राज्य इंग्रजांनी केलं, पण रांगेसाठी आपल्या तोंडी लाईनच बसली, आणि 'नंबर लावणं' हा आपला स्वतःचा शोध. 'लाईनीला लागलं' हे वाक्य तर मला फार प्रिय आहे. पोराला मोठी नोकरी लागली असं त्यात नाही. भटकणारं पोर आता दोरीच्या अंगानं चाललंय, आईबापांच्या जिवाचा घोर कमी झाला, एवढंच त्यात आहे. ते इंग्रजीत सांगता येणार नाही. इथं शब्द इंग्रजी असला तरी वाक्य पूर्ण आपलं आहे.

म्हणूनच 'लाईन' हाकला, असं मी कधी म्हणणार नाही. मला काळजी वेगळी आहे आणि ती वर्गात कळते.

नववीच्या मुलांना मी एकदा उलटं काम दिलं. फळ्यावर दहा मराठी वाक्यं लिहिली, प्रत्येकात एक जागा मोकळी ठेवली आणि तिथं योग्य शब्द घाला म्हटलं. मुंग्यांची ___. कवितेची ___. पाटीवर ओढलेली ___. कपाळावरची ___. जेवणाची ___. उसाची ___. देवळात भक्तांची लागलेली ___. चाळीसपैकी एकतीस मुलांनी सात-आठ जागी 'लाईन' लिहिलं होतं. अर्थ कळत होता. मी चूक म्हणून एकही काट मारली नाही, पण तास संपल्यावर मला फार वाईट वाटलं.

कारण मराठीनं या प्रत्येक जागी वेगळं काहीतरी बघितलेलं आहे. रेघ हातानं ओढतात, ती वाकडी असू शकते, तिच्यात ओढणाऱ्याचा हात दिसतो. रेषा भूमितीतली, नाहीतर हातावरची. ओळ अक्षरांची, झाडांची, विटांचीही. रांग माणसांची, मुंग्यांची, डोंगरांची. पंगत म्हटलं की वाढपी आणि पाण्याचा तांब्या दिसलाच पाहिजे. रीघ म्हणजे न तुटणारी रांग: नवरात्रात अंबाबाईच्या दारी जी लागते ती रीघ, तिला सुरुवात आणि शेवट दिसत नाही. नांगराचं तास, पेरणीची काकरी, पाठीवरचा वळ. आणि आमच्या उसाच्या मुलखात सरी. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे. मी विचारलं, "घरी आजोबा काय म्हणतात रे?" मागच्या बाकावरून लगेच आलं, "सरी, बाई. साडेचार फुटी." म्हणजे शब्द त्याच्याजवळ होता. तो घरी ठेवून शाळेत यायचं असतं, अशी त्याची समजूत झाली होती. ही समजूत मुलांना देण्यात आम्हा शिक्षकांचा हात आहे, आणि ती दुरुस्त करणं माझं काम आहे असं मी मानते.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात मोडीतला एक जुना कागद नेला, पुराभिलेखागारातल्या एका दप्तराची छायाप्रत. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, आपली वरच्या रेघेला लटकतात. मुलांनी चाररेघी वही आणि दुरेघी वही शेजारी शेजारी ठेवून बघितलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे आपली अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी." त्या दिवशी शिकवण्याचं काम तिनंच केलं.

मुलांना इंग्रजी बाजूचंही खरं सांगते. 'डेडलाईन' हा शब्द प्रकल्पाच्या तारखेसाठी ती रोज वापरतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत आतल्या बाजूला एक हद्द आखलेली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाईन. हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. एका मुलाचे वडील फौजेत आहेत, तो म्हणाला, "माझे पप्पा एलओसीला होते." नियंत्रण रेषा, १९७२ च्या सिमला करारातली. आमच्या जिल्ह्यात अशी घरं गावोगावी आहेत जिथं ही लाईन रोज जेवताना आठवते. तो तास मी पुढं नेला नाही.

शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची लाईन मात्र सगळ्यांच्या आवडीची. इथं संघ तालमींचे असतात. सकाळी मैदानावर फक्कीनं पांढऱ्या रेघा मारतात आणि संध्याकाळी त्याच रेघेवरून दोन तालमींच्या पेठा तावातावानं बोलत असतात. पूर्ण चेंडू पूर्ण रेघेच्या पार गेला तरच गोल. तीच फक्की आबांच्या कामावर 'लाईनआउट'ला लागायची. मोकळ्या प्लॉटवर इंजिनिअर दोऱ्या ताणून द्यायचा, आबा त्यांच्या अंगानं फक्की सोडत जायचे, आणि घराचे मालक त्या पांढऱ्या चौकोनांत उभे राहून "हे स्वयंपाकघर, हितं देवघर" करायचे. अजून एक वीट आलेली नसायची.

आणि 'थेट पाईपलाईन' न लिहिता कोल्हापूरचा कुणी उठणार नाही. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणायची ही मागणी किती आंदोलनांत घोषणा होऊन गेली. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. 'थेट' आणि 'पाईपलाईन' हे दोन शब्द आता इथं एकमेकांशिवाय चालत नाहीत.

आबांच्या मनातली सगळ्यात मोठी लाईन वेगळी होती. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात: पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, मग कमरेपर्यंत-छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग असले, वाटेत एखादी इमारत आडवी आली, की किरणं आधीच लुप्त होतात. आबा दर वर्षी जायचे. नमस्कार करून झाला की गाभाऱ्याकडं पाठ करून, पश्चिमेकडं तोंड करून, एक डोळा मिटून उभे राहायचे. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याच्या डोळ्यात काही गेलंय. मला ठाऊक होतं. ते दोरी बघत होते. "एवढ्या लांबनं धरलीया बग," म्हणायचे. "आन् मधी झोळ न्हाई."

त्या कार्यालयातून आलो त्यानंतर आबा बरेच दिवस गप्प होते. मला तेव्हा त्या टेबलाचा राग होता, नकाशावरच्या निळ्या शाईचाही होता. आता शाईचा राग राहिला नाही. नदीला पसरायला जागा लागते, आणि ती जागा आखून ठेवणं बरोबर आहे, असं मी आज पूर्ण मनानं म्हणते. राग राहिला आहे तो सांगण्याच्या पद्धतीचा. पंचेचाळीस वर्षं भिंती सरळ केलेल्या माणसाला त्याच्याच शब्दात, मान वर न करता, तुझं घर हद्दीत सापडलंय असं सांगितलं गेलं. 'पूररेषा' म्हटलं असतं तर निदान तो आनंदाचा एक क्षण त्यांच्या वाट्याला येऊन परत घेतला गेला नसता.

मागची भिंत त्यांनी होती तेवढीच, मातीतच पुन्हा उभी केली. वरची खोली झाली नाही. भिंत वाळल्यावर एका सकाळी मी बघितलं तर आबा वाटीत गेरू कालवत होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ मध्ये ती ५५ फूट ७ इंचांवर गेली होती. सोप्यातल्या दगडी भिंतीवर त्या पाण्याचा मळकट डाग राहिला होता, वर-खाली झालेला. आबांनी लेव्हलच्या पाईपनं, म्हणजे पाणी भरलेल्या नळीनं, त्याचा माथा दोन्ही कोपऱ्यांवर घेतला, दोरा गेरूत बुडवला आणि मला हाक मारली. मी एक टोक धरलं. त्यांनी मधून दोरा उचलून सोडला. भिंतीवर लाल सूत उमटलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, माझ्या खांद्याच्या उंचीवर.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. बंधाऱ्यावर ५६ फूट ३ इंच. आम्ही या वेळी आदल्या रात्रीच लाल सुताच्या वरचं सगळं वर, खालचं सगळं बाहेर असं करून पाहुण्यांकडं गेलो होतो. परत आलो तेव्हा भिंत ओली होती, चिखल घोट्यापर्यंत होता, आणि आबा दारातच थांबून नव्या डागाकडं बघत होते. मातीची मागची भिंत पुन्हा गेली होती. तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"दोरा आण," म्हणाले.

मी टोक धरलं. हात थरथरत होते त्यांचे, पहिलं सूत नीट उठलं नाही, पुसून दुसरं मारलं. मग त्यांनी खिशातली पट्टी काढून दोन लाल रेघांमधलं अंतर मोजलं आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. सात इंच, सहा सूत.